नाकतोडे कुणाच्या हद्दीतले?

दुष्काळाची चर्चा आपल्याकडे पावसाचे मिलिमीटर, धरणांतील साठा, पाण्याचे टँकर आणि चारा-छावण्या यांच्या चौकटीत होते. ते स्वाभाविकही आहे. परंतु अवर्षणाच्या पाठोपाठ एक दुसरे संकट अक्षरशः पायी चालत शेतात शिरते आणि त्याची नोंद पैसेवारीच्या आकड्यांत क्वचितच वेगळी उमटते. हे संकट नाकतोड्यांचे. रोपे दोनचार पानांची असताना बांधाच्या कडेने ती एकामागून एक दिसेनाशी होतात. शेतकरी दुबार पेरणी करतो, आणि तालुक्याच्या अहवालात कारण म्हणून ‘पावसाची ओढ’ एवढेच लिहिले जाते. दुष्काळात तेरावा महिना म्हणून ही बाब सोडून देण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती सोडून देण्यासारखी का नाही, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. २०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत टोळधाड उतरली तेव्हा शासनयंत्रणा खडबडून जागी झाली. रात्री झाडांवर बसलेल्या थव्यांवर फवारण्या झाल्या, गावोगाव थाळ्या वाजल्या, वृत्तपत्रांनी पहिली पाने दिली. ते टोळ वाळवंटी. त्यांचा उद्भव दुष्काळात नव्हे, तर वाळवंटात अवेळी पडलेल्या विपुल पावसात असतो. २०१८ मधील दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या निर्जन भागात ओलावा केला आणि तेथून ती साखळी सुरू झाली. या टोळांसाठी आपल्या देशात १९३९ पासून स्वतंत्र इशारा-संघटना आहे, तिचे जोधपूरला मोठे केंद्र आहे, सीमेपलीकडच्या देशांशीही या प्रश्नावर बोलणी होतात. नाकतोडा मात्र स्थानिक. तो परदेशातून येत नाही, आकाश काळवंडून टाकत नाही, छायाचित्रात भव्य दिसत नाही. कोरड्या वर्षात तो आपल्याच बांधावर, आपल्याच गायरानात वाढतो. म्हणून त्याच्यासाठी संघटना नाही. त्याचा बंदोबस्त हा ज्याच्या त्याच्या औषधाच्या डब्याचा प्रश्न मानला गेला आहे. आमचा आक्षेप नेमका या मानण्याला आहे.

दुष्काळ आणि नाकतोडे यांच्या नात्याचा सर्वांत दीर्घ व सर्वांत बोलका अनुभव अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या पदरी आहे. तेथील पश्चिमेच्या राज्यांत नाकतोड्यांच्या सुमारे चारशे जाती आढळतात. उपद्रवी म्हणाव्यात अशा त्यांपैकी जेमतेम डझनभर. मादी उन्हाळा सरता सरता न नांगरलेल्या, घट्ट जमिनीत अंड्यांचे पुंजके घालते. शेताची कड, रस्त्याची बाजू, कुंपणाखालची पट्टी, चराऊ माळ या तिच्या आवडीच्या जागा. हिवाळा अंडी जमिनीत काढतात आणि वसंतात पिल्ले बाहेर पडतात. या वेळी थंड, ओला पाऊस झाला तर पिल्ले मोठ्या संख्येने मरतात; दमट हवेत एक बुरशी त्यांना ग्रासते. वसंत कोरडा व उबदार गेला की हे दोन्ही पहारे उठतात. पुढे माळावरचे गवत वाळते, तसे हे कीटक जेथे हिरवे उरले असेल तेथे एकवटतात. दुष्काळात हिरवे उरते कोठे? ओलिताच्या तुकड्यात आणि घरामागच्या बागेत. तेव्हा दुष्काळ नाकतोड्यांची संख्या वाढवतो हे अर्धेच सत्य. तो त्यांना शेवटच्या हिरव्या वाफ्याकडे हाकलतो, हे दुसरे अर्धे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट चटकन दिसते. ज्याच्या जमिनीत अंडी असतात त्याचे नुकसान होतेच असे नाही, आणि ज्याचे नुकसान होते त्याच्या जमिनीत अंडी असतातच असे नाही. बागवाल्याने आपल्या वाफ्यावर कितीही पैसा ओतला तरी कुंपणापलीकडून नवी तुकडी येत राहते. उलट, ज्याच्या माळावर ती जन्मली त्याला खर्च करण्याचे काही कारण वाटत नाही. अशा प्रसंगी बाजार निमूटपणे एकच गोष्ट करतो: भित्र्या माणसाला अधिक औषध विकतो.

हे सत्य अमेरिकेसारख्या खाजगी मालमत्तेला देव मानणाऱ्या देशाला कसे पचले, हा इतिहास मनोरंजक आहे आणि क्लेशदायकही. १८७३ ते १८७७ या काळात मिनेसोटापासून कॅन्सस-नेब्रास्कापर्यंत रॉकी पर्वताच्या पायथ्याकडून येणाऱ्या टोळांनी नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांची दाणादाण उडवली. (तो कीटक शास्त्रदृष्ट्या टोळ, पण शेतकरी त्याला नाकतोडाच म्हणत.) लोकांनी पत्र्याच्या पाटांना डांबर फासून ते शेतांतून ओढले, चर खणले, आगी लावल्या. १८७४-७५ च्या हिवाळ्यात लष्कराच्या कोठारांतले कोट आणि बूट वाटण्याची पाळी आली. मिसूरी राज्याने १८७७ मध्ये मापाने टोळ विकत घेण्याची योजना काढली. मार्चमधल्या लहान पिल्लांना सर्वांत जास्त दर, पुढे महिन्यागणिक कमी. ही कल्पना हुशारीची होती, कारण मार्चमधले एक माप म्हणजे जूनमधली कित्येक मापे. नेब्रास्काने त्याच वर्षी कायदाच केला: सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक धडधाकट पुरुषाने पिल्ले बाहेर पडण्याच्या वेळी दोन दिवस काम करावे, न करणाऱ्यास दंड. सामुदायिक कृतीची गरज या कायद्याने ओळखली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु ज्याच्यापाशी हजार एकर त्याचेही दोन दिवस आणि ज्याच्यापाशी वीतभर जमीन नाही त्याचेही दोन दिवस, ही समता वेठीची समता आहे. आमच्या ग्रामीण कार्यकर्त्यांना ती ओळखीची वाटेल. गावकीच्या ‘श्रमदाना’त कोणाचे श्रम आणि कोणाचे दान असते, हे त्यांना सांगावयास नको.

मिनेसोटाचे गव्हर्नर जॉन पिल्सबरी हे पीठगिरण्यांच्या धंद्यातले बडे भागीदार. सरकारी मदतीने लोकांची स्वावलंबनाची सवय सुटेल, अशी त्यांची धारणा होती. मदतीपूर्वी शेतकऱ्याला आपण कंगाल झालो आहोत हे सिद्ध करावे लागे. २६ एप्रिल १८७७ हा दिवस मात्र गव्हर्नरांनी प्रार्थनेसाठी जाहीर केला. त्या उन्हाळ्यात टोळ खरोखरच उडून गेले, आणि श्रेय कोणाला द्यावे यावर लोक पुष्कळ दिवस वाद घालीत राहिले. प्रार्थनेला आमची हरकत नाही. पण गहू पिकवणाऱ्याने कंगालपणाची शपथ घ्यावी आणि गहू दळणाऱ्याने त्याला स्वावलंबनाचे पाठ द्यावेत, हा देखावा त्या एका राज्यापुरता वा त्या एका शतकापुरता मर्यादित राहिलेला नाही.

याच टोळांच्या कथेचा शेवट अधिक विचार करायला लावणारा आहे. ज्या जातीचे थवे १८७५ मध्ये शेकडो मैलांवर पसरले, तिचे अखेरचे जिवंत नमुने १९०२ मध्ये कॅनडात मिळाले. त्यानंतर ती जात नाहीशी झाली. जेफ्री लॉकवूड या कीटकशास्त्रज्ञाची मांडणी अशी की, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात हा कीटक पर्वतातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत आश्रयाला असे. वसाहतवाल्यांनी नेमकी तीच खोरी नांगराखाली आणि गुरांखाली आणली. प्रार्थना, कायदा, डांबर, इनाम यांपैकी कशानेही जे झाले नाही ते जन्मस्थानी अजाणता फिरलेल्या नांगराने झाले. एखाद्या जातीचा समूळ नाश ही आनंदाची बातमी नव्हे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही: कीटक जेथे खातो तेथे त्याच्याशी लढणे महाग, तो जेथे जन्मतो तेथे लढणे स्वस्त.

१९३० च्या दशकातील महादुष्काळात हाच पाठ उलट बाजूने गिरवला गेला. मंदी, कर्ज आणि धुळीची वादळे यांनी शेतकरी जमिनी सोडून गेले. ओसाड पडलेल्या, तणाने माजलेल्या त्या शेतांत नाकतोड्यांनी अंडी घातली आणि जे शेतकरी टिकून होते त्यांची पिके खाल्ली. म्हणजे एकाच्या जप्तीतून शेजाऱ्याची कीड जन्मली. अखेर केंद्र सरकारला पैसा मंजूर करावा लागला. कोंडा, मळी आणि सोमल यांचे आमिष कामावर घेतलेल्या बेकारांच्या हातून कालवले व पसरले गेले. सोमल विषारी, त्याची किंमत गुरांनी आणि पाखरांनीही मोजली. तरीही तत्त्व मान्य झाले होते: कीड कुंपण जाणत नसेल तर खर्चालाही कुंपण असता कामा नये.

ते तत्त्व आज तेथे कोणत्या रूपात उरले आहे हे पाहण्यासारखे आहे. चराऊ रानांवरील फवारणीचा सर्व खर्च जमीन केंद्राच्या मालकीची किंवा आदिवासींसाठी राखीव असल्यास केंद्र सोसू शकते, राज्याच्या जमिनीवर निम्मा, खाजगी जमिनीवर एकतृतीयांश. एका चौरस यार्डात आठ नाकतोडे हे तेथे धोक्याचे माप मानतात. २०२१ च्या दुष्काळात मोंटानात १९८० च्या दशकानंतरची सर्वांत मोठी मोहीम विमानांतून झाली. वापरलेले द्रव्य पिल्लांची कात टाकण्याची क्रिया रोखणारे होते, म्हणजे पूर्ण वाढलेल्या नाकतोड्यांवर ते व्यर्थ. सर्व रान भिजवण्याऐवजी पट्टे सोडून फवारण्याची पद्धतही लॉकवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली आहे. मधल्या कोऱ्या पट्ट्यांत नाकतोड्यांचे शत्रू जगतात आणि खर्चही वाचतो. पण हा कार्यक्रम चराऊ रानांसाठी. भाजीचा मळा आणि घरची बाग यांनी आपले आपण पाहावे! गवत संपल्यावर सारा लोंढा ज्यांच्यावर येतो, नेमके तेच या योजनेबाहेर. बागवाल्यांना तेथील कृषी-सल्लागार जे सांगतात ते मात्र मोलाचे आहे: पिल्ले बाहेर पडल्यावर बागेभोवतीचे उंच गवत कापू नका. ते उभे आहे तोवर नाकतोडे तेथे रमतात. कापलेत की ते तुमच्या वाफ्यात शिरतील.

आता आपल्या घराकडे वळू. दख्खनच्या ज्वारीपट्ट्याला नाकतोडा नवा नाही. येथील एका जातीला तर पंखच नसतात. म्हैसूर संस्थानच्या शेतकी खात्यातील लेस्ली कोलमन यांनी १९११ मध्ये या ‘जोळा’ नाकतोड्यावर पुस्तिका लिहिली (कानडीतील जोळ म्हणजे आपली ज्वारी), आणि शास्त्रज्ञांनी त्या प्रजातीला कोलमन यांचेच नाव दिले. ज्याला उडता येत नाही तो कीटक शेतातून शेतात पायीच जाणार. त्याचे वर्षाला एकच पिढी असे चक्र आहे. पावसाळा संपताना अंडी जमिनीत जातात, हिवाळा-उन्हाळा तेथेच काढतात आणि पहिल्या पावसाने फुटतात. यात अमेरिकेपेक्षा एक फरक आहे, तो डोळ्याआड करून चालणार नाही. आपल्याकडे पिल्ले पावसानेच बाहेर येतात. आपत्ती होते ती पुढे पावसाने ओढ दिली तर. बांधावरचे कोवळे गवत सुकते आणि शेजारी नुकती उगवलेली ज्वारी, बाजरी, सोयाबीन तेवढी हिरवी राहते. परसातल्या सांडपाण्यावर बाईने जगवलेली चार वांगी आणि घेवड्याचा वेलही त्यातून सुटत नाही. त्या वेलाची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही, यापलीकडे त्याविषयी काय सांगावे!

म्हणजे आपल्याला अमेरिकेला न मिळालेली एक सवलत निसर्गाने दिलेली आहे. कीटकाचे जन्मस्थान दूरच्या पर्वतात नाही. ते बांध, पडीक, गायरान, रस्त्याची कड असे गावाच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतके जवळ आहे, आणि अंडी सहासात महिने एका जागी पडून असतात. या काळात नांगरट झाली तर ती वर येतात, उन्हाने वाळतात, साळुंक्या व बगळे ती टिपतात. नांगरट न होण्याची कारणे मात्र आर्थिक आहेत. दुष्काळात पहिल्यांदा बैल विकले जातात. ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही. जमीन तशीच पडीक राहते. १९३० च्या ओसाड अमेरिकन शेतांची ही छोटी आवृत्ती आहे. शेजारचा बडा बागायतदार त्या पडीक तुकड्याकडे बोट दाखवून ‘याच्यामुळे कीड’ म्हणतो. तो तुकडा पडीक का राहिला हे विचारण्याची तसदी तो घेत नाही.

बांधांचे काय करावे, हा प्रश्न जरा नाजूक आहे. बांधबंदिस्तीवर या राज्याने पिढ्यानुपिढ्या श्रम खर्च केले. रोजगार हमीवरील लक्षावधी हातांनी ती माती रचली. नाकतोड्याच्या भीतीने बांध खणून काढणे म्हणजे माती वाहू देणे होय. बांधाच्या गवतात नाकतोड्याचे वैरीही असतात. बाजरीच्या कणसावर दिसणाऱ्या हिंग्यांचा शेतकरी राग राग करतो, पण त्यांच्यातील कित्येकांच्या अळ्या जमिनीतील नाकतोड्यांच्या अंड्यांवरच पोसतात. माळरानावरचा माळढोक नाकतोडे खाऊन जगे; १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य झाले आणि आज तेथे तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. म्हणून सरसकट खणणे नको आणि सरसकट फवारणेही नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माद्या कोठे गोळा होतात याची गावाने पाहणी करावी, त्या जागा नकाशावर मांडाव्यात आणि उन्हाळ्यात तेवढ्याच जागांची वरची माती हलवून पुन्हा दाबून घ्यावी. गवत कापायचे तर पाऊस पडण्यापूर्वी; पिल्ले निघाल्यावर विळा म्यान करावा. ‘बांध स्वच्छ ठेवा’ एवढाच उपदेश करणाऱ्या पत्रकांवर महिना छापलेला नसतो, आणि या बाबतीत महिनाच सर्वस्व आहे.

ही कामे एकट्यादुकट्याने होत नाहीत. दहा जणांनी केली आणि अकराव्याने केली नाही, तर त्याच्या बांधावरची पिल्ले दहाही शेतांत जातात. त्यासाठी कायद्याचा आधार नाही असेही नाही. मुंबई प्रांताने १९४७ मध्येच शेतीवरील कीड व रोगांसंबंधी कायदा केला, आणि पिकावरची कीड ही केवळ मालकाची खाजगी बाब नव्हे हे त्यात गृहीत धरले. त्यानंतरच्या दशकांत मात्र स्वस्त भुकटी हाती आल्यामुळे सामुदायिक कामाची निकड वाटेनाशी झाली. बी.एच.सी. ची भुकटी पोत्यांनी शेतात पडली; १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. भुकटी गेली, पण ‘ज्याने त्याने आपापले फवारावे’ ही तिने लावलेली सवय गेली नाही. नेब्रास्काची वेठ आम्हांला नको. हे काम सार्वजनिक असेल तर त्याची मजुरी सार्वजनिक निधीतून मिळाली पाहिजे, आणि दुष्काळी उन्हाळ्यात कामाच्या शोधात असलेल्या भूमिहीनाला ती मिळाली तर त्यात दुहेरी न्याय आहे.

राहिला प्रश्न भरपाईचा. आपत्ती-निवारण निधीच्या केंद्रीय यादीत दुष्काळ, पूर, गारपीट यांच्या बरोबरीने कीडीचे आक्रमणही आहे, हे पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. त्यासाठी पिकाचे निदान तेहतीस टक्के नुकसान व्हावे लागते. नाकतोडा कडेकडेने खातो. बांधाला लागून असलेल्या लांबोळ्या, चिंचोळ्या शेताचे तो निम्मे खाईल आणि मोठ्या चौरस शेताची केवळ कड खाईल. लहान शेतकऱ्याच्या तुकड्याला क्षेत्राच्या मानाने बांध अधिक. म्हणून त्याचे नुकसानही प्रमाणाने अधिक. पीकविमा मात्र महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरतो. मंडळातील मोठ्या, सुस्थितीतल्या शेतांचे उत्पन्न त्या सरासरीला वर ओढते आणि ज्याचे गेले त्याचे जाणे सरासरीत बुडून जाते. मिनेसोटाच्या शेतकऱ्याला कंगाल असल्याची शपथ घ्यावी लागे. आमच्या शेतकऱ्याला आपले सारे मंडळच बुडाल्याचे सिद्ध व्हावे लागते. तलाठी व कृषी सहायक यांच्या पंचनाम्यात कारण म्हणून ‘नाकतोडे’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिला जावा, एवढा साधा आग्रह धरला तरी पुढच्या मागणीला पाया मिळेल.

१ मेच्या ग्रामसभेच्या वेळी अंडी अजून जमिनीतच असतात. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आपल्या गावापुरता तरी येईल, असे प्रत्येक तालुका शाखेने पाहावे. आणि त्याआधी, पावसाळा सरताना कोणत्या बांधांवर व कोणत्या पडिकांत नाकतोडे दिसले याची यादी तयार ठेवावी. यादीत गट क्रमांक लिहावेत, जमीन पडीक असल्यास तिच्या मालकाने ती का नांगरली नाही हेही विचारून लिहावे.